एस्तेरच्या गोळ्या

माझ्या लेकीच्या गोळ्या मी माझ्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. शंभर-सव्वाशे माणसांसमोर. स्टेजवर. टाळ्या वाजल्या.

डबा निळा होता, झाकणाचा. सकाळी मीच त्यात बटाट्याची सालं टाकली होती आणि मीच तो धुऊन उपडा घातला होता. मॅडम माईकमध्ये म्हणाल्या, किचनमधून एक डस्टबिन आणा. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण किचनमधली मीच. मग मी स्टेजवरून उतरले, डबा आणला, परत वर चढले. तोवर लेक एकटी उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत.

मॅडमनी विचारलं, "सिस्टर, तुमचा भरवसा कशावर आहे? गोळीवर की प्रभूवर?"

एवढ्या माणसांत असं कुणी विचारल्यावर माणूस काय म्हणणार? मी म्हणाले, प्रभूवर.

"मग टाका."

तीन पाकिटं होती. महिन्याच्या गोळ्या. मी टाकल्या. समोर एक मुलगा मोबाईल वर धरून शूटिंग करत होता. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मॅडमनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं, की ही मुलगी आजपासून बरी झाली. लोक उभे राहिले. गाणं सुरू झालं.

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती डब्याकडं बघत होती.

तिचं नाव एस्तेर. घरात एस्तू. अठरा पुरी व्हायची होती.

मी लोणावळ्याला एका शिबिरघरात स्वयंपाकाला होते. शहरातल्या श्रीमंत विश्वासणाऱ्यांनी, म्हणजे येशूला मानणाऱ्यांनी, बाजाराच्या पलीकडं टेकडीखाली जागा घेऊन ते बांधलेलं. शनिवार-रविवारी, सुट्ट्यांमध्ये गाड्या भरभरून माणसं यायची. प्रार्थना, उपदेश, गाणी, आणि तीन वेळचं जेवण. जेवण माझ्याकडं, हाताखाली दोन बायका. मॅडम म्हणजे ते चालवणाऱ्या ट्रस्टच्या मालकीणबाईच म्हणा. शिकवायच्या त्याच, प्रार्थना करायच्या त्याच, कुणाला कुठली खोली द्यायची तेही त्याच ठरवायच्या. आवाज गोड. रागावल्या तरी गोडच.

आमची वाडी टाकव्याच्या पुढं, आत डोंगराकडं. जीपनं टाकव्याला यायचं, तिथून कान्ह्याला, तिथून लोकलनं लोणावळा. शिबिर असलं की चार दिवस तिथंच मुक्काम, किचनच्या मागच्या खोलीत.

उपदेशाच्या वेळी आम्हालाही हॉलमध्ये बसायला मिळायचं. पाहुणे खुर्च्यांवर, आम्ही दाराजवळ सतरंजीवर. प्रभुभोजनाचं ताट आमच्याकडं शेवटी यायचं. त्यात कधी भाकरीचे तुकडे कमी पडायचे. मग मॅडम हसून म्हणायच्या, तुमच्याकडं काय, किचनच आहे. लोक हसायचे. मीही हसायची. त्यात अपमान होता हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण मी म्हणायची, येशूनं एवढं सोसलं, मी एवढं सोसलं तर काय झालं. अपमान गिळायला मी देवाचं नाव वापरत होते. हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या वाडीत विश्वासणाऱ्यांची चारच घरं. आमच्या घरात पहिली माझी आई. भाताच्या लावणीला मजुरीनं जाणारी, अक्षर न येणारी बाई. तिला कुणी पैसे दिले नाहीत, कुणी गहू दिला नाही. लोक अजून विचारतात म्हणून सांगते. तिला एवढंच आवडलं होतं की ह्या देवाशी आपल्या बोलीत बोलता येतं. ती चुलीपुढं बसून बोलायची. लाकडं ओली आहेत, जरा बघ. जावयाला यायला उशीर झालाय, जरा बघ. तेच मी शिकले. भरवसा म्हणजे आमच्याकडं काही मोठी गोष्ट नव्हती. जीप मिळू दे. पत्रा उडू देऊ नको. लेक कॉलेजातून नीट घरी येऊ दे. आणि ती आली की थँक्यू.

रविवारी आम्ही सखारामभाऊंच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमतो. ते रेल्वेत गँगमन होते, घाटात. आता रिटायर. चष्मा लावून शास्त्र वाचतात, अडखळत. जे समजलं नाही ते समजलं नाही म्हणून सांगतात.

माझा नवरा मारुती टेम्पो चालवतो. त्यानं बाप्तिस्मा घेतलेला नाही. कधी प्रार्थनेला बसायचा, कधी बाहेर बसून चहा करायचा. म्हणायचा, तुझं आमेन झालं की सांग, चहा गाळतो. त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

एस्तूला नवव्या वर्षापासून फिट यायच्या. पहिल्यांदा आली ती शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत. पोरं लांब पळाली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "कोन कोन व्हतं?" पुढं दर वेळी तेच. डोळे उघडले की आधी तेच. कुणी कुणी बघितलं. नऊ वर्षांच्या पोरीला दुखण्यापेक्षा त्याची भीती जास्त.

वडगावला डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. मला समोर बसवून त्यांनी सांगितलं होतं, एक दिवसही चुकवायची नाही. मनानं बंद करायची नाही. आणि पोरीला पाण्याजवळ, विस्तवाजवळ एकटं सोडायचं नाही. मी ते पाठ केलं. गोळी द्यायची, पाणी द्यायचं, आणि तिचा हात धरून प्रार्थना करायची. दोन्ही बरोबरच. गोळी आणि प्रार्थना यांचं काही वाकडं आहे हे मला माहीत नव्हतं. ज्यानं डॉक्टरांना अक्कल दिली त्याच्याशीच तर मी बोलत होते.

गोळ्यांनी फिट जवळजवळ थांबल्या. वर्षाला एखादी. ती बारावीला गेली, वडगावला जाऊ-येऊ लागली. तिला कॉम्प्युटरचा क्लास लावायचा होता. गाताना तिचा आवाज वरच्या पट्टीत चिरकायचा, मग ती स्वतःच हसायची.

नाताळच्या सुट्टीत शिबिर मोठं होतं आणि हाताखालची एक बाई आजारी पडली. एस्तू म्हणाली मी येते. मी नको म्हणायला हवं होतं. दोन दिवस ती माझ्याबरोबर पहाटे उठली, चपात्या लाटल्या, ताटं मांडली. झोप झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये ताटांची चळत हातात असतानाच तिला फिट आली. ताटं पडली, आवाज झाला, पाहुण्यांची लहान मुलं रडायला लागली. मी धावले, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात दिला. वर बघितलं तर एक बाई आपल्या मुलाचे डोळे झाकत होत्या.

एस्तूनं डोळे उघडले. तेच विचारलं. मी म्हणाले, कोन न्हाई गं, मीच हाय. सव्वाशे माणसं उभी होती.

संध्याकाळी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. पाहुण्यांच्या तक्रारी आल्यात म्हणाल्या. मुलं घाबरलीत. मग मऊ आवाजात म्हणाल्या, हा आजार नाही, हे बंधन आहे, आणि ते तुमच्याच पिढ्यांतून आलंय. तुमचे आजे-पणजे डोंगरात कशाकशाची पूजा करत होते. उद्या शेवटच्या सभेत मुलीला घेऊन पुढं या. गोळ्याही आणा.

माझे आजे-पणजे. त्यांना मॅडमनी कधी बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. आजोबा वाट चुकलेल्या माणसाला टॉर्च नसताना गडाखाली आणून सोडायचे. पण मी बोलले नाही. मान हलवली.

का हलवली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. नोकरीची भीती होती. मोठ्या माणसांपुढं मान खाली घालायची सवय होती. पण तेवढंच नव्हतं. मला ते खरं व्हायला हवं होतं. रोज पोरीकडं बघताना जी धास्ती वाटायची ती एका दिवसात जाणार असेल, तर कुठल्या आईला नको वाटेल? मॅडमनी माझा लोभ बरोबर ओळखला.

घरी आल्यावर मारुतीला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "प्रार्थना कर, लागंल तेवढी कर. गोळ्या बंद करू नको." मी त्याला म्हणाले, तुझा विश्वास न्हाई म्हणून तुला असं वाटतं. मॅडमचंच वाक्य मी त्याच्या तोंडावर मारलं. तो उठून हात धुवायला गेला. परत त्या विषयावर बोलला नाही.

तीन आठवडे एकही फिट आली नाही. मी रोज दिवस मोजायची. तो व्हिडिओ चर्चच्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठं कुठं. मला अनोळखी बायकांचे फोन यायचे, सिस्टर तुमची साक्ष ऐकून बळ मिळालं. मला बरं वाटायचं. पहिल्यांदा मोठ्या माणसांत माझं नाव झालं होतं. हेही सांगितलं पाहिजे.

एस्तू शांत झाली होती. मला वाटलं, बरी झाली म्हणून शांत झाली.

पुढच्या शिबिराला मी लोणावळ्याला होते. मारुती टेम्पो घेऊन नाशिककडं गेला होता, चार दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डाळीला फोडणी घालत होते तेव्हा फोन आला. वाडीतल्या कोंडाबाई मावशीचा. ती नुसती माझं नाव घेत होती.

एस्तू धुणं घेऊन धरणाच्या पाण्यावर गेली होती. एकटी. एरवी मी तिला पाण्यावर कधी एकटी सोडली नव्हती. नऊ वर्षं नाही. मी नसले तर शेजारची कुणीतरी जायची. पण आता ती बरी झाली होती. मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आता तिच्यामागं जायची गरज न्हाई.

मावशीला ती दिसली तेव्हा ती पालथी होती. पाणी गुडघ्याएवढं होतं.

गुडघ्याएवढं.

मी लोकलनं आले, जीपनं आले, काही आठवत नाही. एवढं आठवतं की हाताला फोडणीचा वास होता. तिचे केस ओले होते आणि कुणीतरी तिची वेणी घालत होतं. मी तिच्यापाशी बसले. ती डोळे उघडेल आणि विचारेल, असं मला खरंच वाटत होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

पुरायला जागा नव्हती. आमची घरं चार, आमची वेगळी जागा कुठून असणार. मारुतीच्या मोठ्या भावानं आपल्या शेताचा कोपरा दिला. तो आमच्यातला नाही, गावातल्या देवळाचं सगळं तोच बघतो. कुदळही त्यानंच मारली. लोणावळ्याहून कुणी आलं नाही. मॅडमचा व्हॉइस मेसेज आला, प्रभूची इच्छा आपल्याला समजत नाही, मन खंबीर ठेवा, भरवसा ठेवा. मागं गाण्याचा आवाज येत होता. शिबिर चालू होतं.

चौथ्या दिवशी मारुतीनं तांदळाच्या डब्यामागून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मला आधी कळेना. मग त्यानं सांगितलं. मी गोळ्या टाकून आले त्याच आठवड्यात तो वडगावला गेला होता, नव्या गोळ्या आणल्या होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ तो एस्तूला गोळी देत होता, माझी पाठ वळली की. तिलाच म्हणाला होता, आईला सांगू नको, तिचं मन मोडंल. ते तीन आठवडे गोळ्यांचे होते.

नाशिकला जाताना तो तिला पाकीट दाखवून गेला होता. रोज दोन, विसरू नको. तीन दिवसांच्या पाच-सहा गोळ्या पाकिटात तशाच होत्या. तिनं एकही घेतली नव्हती.

विसरली नव्हती. मला माझी लेक माहीत आहे. मी फोनवर तिला रोज विचारायची, बरी हाईस ना, देवाला थँक्यू म्हणलीस ना. तिला माझ्याशी खोटं वागणं सोसलं नसणार. किंवा तिलाही वाटलं असेल, आईचं एकदा खरं होऊ दे. दोन्हींतलं काय, ते मला कधीच कळणार नाही. मी त्याच्याबरोबर जगतेय.

मारुती ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सखारामभाऊ रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायचे. वाचायचे नाहीत, बोलायचे नाहीत. एक दिवस मीच विचारलं, भाऊ, माझा विश्वास कमी पडला का? त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "एस्तू का गेली, मला ठाऊक न्हाई पोरी. ठाऊक हाय म्हनून सांगनाऱ्याचं ऐकू नको. पन आपला देव गोळ्यांवर रुसनारा न्हाई." आणि रडायला लागले. सत्तरीचा माणूस.

महिन्यानं मी कामावर गेले. घरात बसवत नव्हतं. मॅडमनी ऑफिसात बोलावून माझे दोन्ही हात हातात घेतले. इतक्या मायेनं मला बऱ्याच दिवसांत कुणी धरलं नव्हतं. मी फुटले. सगळं सांगितलं. तांदळाच्या डब्यामागचं पाकीटसुद्धा.

ते ऐकताना मॅडमचा चेहरा बदलला. मोकळा झाला. डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा. त्या म्हणाल्या, "म्हणजे घरात गोळ्या होत्या." मी म्हणाले, व्हय. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मी डोळे पुसून किचनमध्ये गेले. तो चेहरा मला का टोचतोय ते कळलं नाही.

कळलं दोन आठवड्यांनी. पुढच्या शिबिरात, शेवटच्या सभेत.

मी सतरंजीवर बसले होते. मॅडम भरवशावर बोलत होत्या. रोजच्या संकटांत देवावर भरवसा कसा ठेवावा. मग म्हणाल्या, एका बहिणीची गोष्ट सांगते, नाव घेत नाही. देवानं तिच्या मुलीला पूर्ण बरं केलं होतं. आपण सगळे साक्षी आहोत. पण तिच्या घरात गोळ्या लपवलेल्या होत्या. घरात संशय होता. देवानं दिलेलं अविश्वासानं घालवलं.

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. खुर्च्यांवरची माणसं एकामागून एक वळून माझ्याकडं बघायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "ती बहीण इथं आहे. तिनं पुढं यावं. सगळ्यांसमोर प्रभूची क्षमा मागावी. आपल्या सगळ्यांना त्यातून शिकायला मिळेल."

मी उठले. पाय आपोआप चालत होते, जसे आधी डबा आणायला चालले होते. वाट तीच, खुर्च्यांच्या मधून. मॅडमनी माझ्या हातात माईक दिला. जवळून मला त्यांच्या अंगाचा पावडरचा वास आला आणि एकदम आठवलं, सकाळी साडेसातला मी ह्या बाईंच्या खोलीत गेले होते. बशीत गोळी, ग्लासात कोमट पाणी. शिबिर असलं की रोजच जाते. चार वर्षं.

मी म्हणाले, "मॅडम, तुमची बीपीची गोळी आज सकाळी मीच आनून दिली."

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, तो विषय वेगळा आहे.

मी म्हणाले, "वेगळा कसा? तुमची गोळी देवाची आन माझ्या लेकीची सैतानाची?"

त्यांनी माईकला हात घातला. मी सोडला नाही. मी लोकांकडं बघून बोलले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला न विचारता बोलत होते.

"माझी लेक अविश्वासानं मेली न्हाई. गोळ्या बंद केल्या म्हनून मेली. बंद मी केल्या. करायला लावल्या ह्यांनी. तिच्या बापानं तिला तीन आठवडं जगवलं. त्या मानसाचा बाप्तिस्मा झालेला न्हाई. माझ्या पापाचा जाब मी देवाला देईन. ह्यांचा ह्यांनी द्यावा. मी हितं कुनाची क्षमा मागनार न्हाई."

कुणीतरी माईक बंद केला. पण आम्ही डोंगरातली माणसं, ह्या बांधावरून त्या बांधावर हाका मारणारी. मला माईक लागत नाही. मी म्हणाले, तो व्हिडिओ काढून टाका. आज. तो बघून कुनी घरात आपल्या मानसाच्या गोळ्या टाकल्या असतील, त्यांना सांगा, ती पोरगी मेली.

मग माईक जमिनीवर ठेवला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर आले. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी अडवलंही नाही. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीतून उभे राहिले होते.

मी मागच्या खोलीतून पिशवी घेतली. गेटपाशी मागून पावलं आली. पिंपरीकडची एक बाई, माझ्याच वयाची, अंगावर चांगली साडी. तिनं सांगितलं, तुमचा तो व्हिडिओ बघून आम्ही वडिलांचं शुगरचं इंजेक्शन बंद केलंय. आठ दिवस झाले. ते झोपूनच असतात. मॅडम म्हणतात ही परीक्षा आहे.

मी तिचा हात धरला आणि म्हणाले, आत परत जाऊ नको. हितूनच डॉक्टरला फोन लाव. तिनं तिथंच, गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन लावला. डॉक्टरांनी ताबडतोब दवाखान्यात न्यायला सांगितलं. ती रिक्षात बसेपर्यंत मी थांबले. वडील वाचले, असा तिचा पुढं निरोप आला. मला आनंद झाला. आणि त्याच आनंदात दुखलंही. कुणाचा तरी बाप वाचला. माझी एस्तू नाही.

घरी गेल्यावर मारुतीला सगळं सांगितलं. हॉलमध्ये काय बोलले, कसं बोलले. मला वाटलं तो माझ्याकडं बघेल. तो चपलेचा अंगठा शिवत होता. दोरा ओढून तोडला आणि म्हणाला, "हे आदी बोलायचं व्हतं."

व्हय, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार. तो खरं बोलला होता. आम्ही एका घरात राहतो, एका ताटलीतलं मीठ खातो. त्या वाक्याच्या पुढं आम्ही अजून गेलेलो नाही.

शिबिरघरातून निरोप आला, येऊ नका. नंतर आणखी एक आला, माफी मागितली तर विचार करू. मी उत्तर दिलं नाही. आता कामशेतला एका मेसमध्ये पोळ्या करते. तो व्हिडिओ त्यांनी काढला. पण तो कुणाकुणाच्या फोनमध्ये उरलाय, तो येतोच कुठून तरी. आला की ज्यानं पाठवला त्याला मी फोन करते. स्टेजवरची ती पोरगी माझी, आणि ती आता नाही, असं सांगते. काही फोन ठेवून देतात. काही बायका विचारतात, मग आता तुम्ही देवाला मानता का?

मानते. हे मॅडमना आवडणार नाही आणि माझ्या दिरालाही कळणार नाही. मी देव सोडला असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण तो काही मॅडमनी मला दिला नव्हता, म्हणून त्यांच्यामुळं मी तो टाकणार नाही. सकाळी चूल पेटवताना मी अजून त्याच्याशी बोलते. आधी मागायची. आता भांडते. मी चुकले तेव्हा तू कुठं होतास? पाणी गुडघ्याएवढं होतं, तुला काय जड होतं? तो उत्तर देत नाही. मी उठत नाही. कामाला उशीर होईपर्यंत बसते. दुसऱ्या दिवशी परत बसते. भरवसा म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी एवढंच दाखवू शकते.

गेल्या रविवारी शेडमध्ये शहरातून एक नवीन पाहुणा आला होता. चांगले कपडे, चांगली भाषा. तो आमच्या कोंडाबाई मावशीला म्हणाला, गुडघे दुखतात ना, विश्वास असेल तर काठी टाका. मावशी काठी टाकायला वाकली. चार घरांची माणसं बसली होती, सगळी गप्प. पाहुणा मोठा होता.

मी उठले आणि मधे जाऊन उभी राहिले. मावशीच्या हातावर हात ठेवला आणि काठी तिच्या मुठीत घट्ट धरून ठेवली. त्या माणसाला म्हणाले, प्रार्थना करायची तर करा, आमी आमेन म्हनू. काठीला हात लावायचा न्हाई.

त्यानं मला विचारलं, तुम्ही कोण?

मी म्हणाले, "हितली."

इथून पुढं असंच होणार आहे. आमच्या शेडमध्ये, आमच्या वाडीत, जिथं मी असेन तिथं. देवाच्या नावानं कुणी आमच्यातल्या माणसाला मान खाली घालायला लावली, तर मी बसून राहणार नाही. माझी नोकरी गेली, माझं घर मुकं झालं, माझी लेक शेताच्या कोपऱ्यात आहे. माझ्याकडून काढून घ्यायला आता कुणाकडं काही उरलेलं नाही. मी उठणार. दर वेळी उठणार.